घराच्या सजावटीतील उबदार लाकडी फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराला लाकडाची ऊब हवी असे ठरले की बहुतेकांचा हात आधी रंगाच्या तक्त्याकडे जातो, आणि निवड चुकायला तिथूनच सुरुवात होते. लाकडाची ऊब रंगाइतकीच, किंबहुना रंगाहून अधिक, त्याच्या रेषांवर पडणाऱ्या उजेडावर, पॉलिशच्या जाडीवर आणि शेजारी काय ठेवले आहे यावर अवलंबून असते. म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी नमुना आपल्याच खोलीत, आपल्याच उजेडात पाहावा, हा आग्रह पुढच्या उत्तरांत अनेकदा आढळेल.

उबदार फिनिश म्हणजे नेमके काय?

ज्या लाकडाच्या किंवा पॉलिशच्या रंगात पिवळी, नारिंगी, मधाळ किंवा लालसर झाक असते, त्याला उबदार म्हणतात. करड्या, राखाडी किंवा निळसर झाकेचे फिनिश थंड मानले जाते. रंग फिका की गडद, याचा या भेदाशी थेट संबंध नाही. मधासारखा दिसणारा फिका ओक उबदार असू शकतो आणि जवळजवळ काळा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, दिलेले कपाट पूर्णपणे थंड वाटू शकते.

रंगाखेरीज स्पर्शाचाही यात वाटा आहे. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे ते हाताची ऊब धातू किंवा दगडाप्रमाणे झटकन ओढून घेत नाही. एकाच खोलीत, एकाच तापमानाला असलेल्या लोखंडी आणि लाकडी मुठीला हात लावून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. त्यामुळे कठड्याची पट्टी, खुर्चीचे हात, दाराची मूठ, टेबलाची कड अशा जिथे हात रोज टेकतो त्या जागी खरे लाकूड वापरल्यास त्याचा परिणाम संपूर्ण भिंत लाकडाने मढवण्यापेक्षा अधिक जाणवतो, असे माझे ठाम मत आहे.

कोणत्या लाकडाची झाक उबदार असते?

ताजा रंधा मारलेला साग थोडा विसंगत, कुठे हिरवट तर कुठे तपकिरी दिसतो, परंतु काही आठवड्यांच्या उजेडात त्याचा सोनेरी तपकिरी रंग एकसारखा होतो. चेरी सुरुवातीला फिकट गुलाबी असते आणि पुढे लालसर तपकिरीकडे झुकते. अक्रोडाचे लाकूड गडद असूनही त्यात चॉकलेटी ऊब असते, तर शिसमाच्या गडद रेषा मोठ्या पृष्ठभागावर भारी वाटू शकतात. ओकच्या रेषा ठळक व मोकळ्या असतात. बीचचे लाकूड बारीक पोताचे आणि किंचित गुलाबीसर असते. मेपल फिके आणि शांत असल्यामुळे त्याला ऊब द्यायची तर ती पॉलिशमधून द्यावी लागते. पाइन मुळात पिवळसर आणि गाठीदार असते. गाठी आवडत असतील तरच ते निवडावे, कारण त्या लपवण्याचे प्रयत्न क्वचितच नीट साधतात.

लाकूड निवडताना सुतार एक सोपी गोष्ट करून दाखवतात. रंधा मारलेल्या कोरड्या फळीवरून ते ओले फडके एकदाच फिरवतात. क्षणापूर्वी पिठूळ, निर्जीव वाटणारी फळी भिजताच खोल दिसू लागते, रेषा उठून येतात आणि मूळचा तांबूस किंवा सोनेरी रंग प्रकट होतो. पाण्याने पृष्ठभागावरील सूक्ष्म पोकळ्या भरल्यामुळे उजेड विखुरणे कमी होते आणि लाकूड आतपर्यंत दिसते. पारदर्शक पॉलिश हेच काम कायमचे करते. रंग न घालता साधे पॉलिश केल्यास लाकूड साधारण कसे दिसेल, याचा याहून प्रामाणिक अंदाज दुसऱ्या कशाने येत नाही.

भरीव लाकूड, व्हिनियर आणि लॅमिनेट यांपैकी काय निवडावे?

भरीव लाकूड पुन्हा पुन्हा घासता येते, त्याच्या कडा गोल करता येतात आणि पोचे पडले तरी ते शोभून दिसतात. मात्र ते हवेतील ओलाव्यानुसार फुगते व आकसते, म्हणून रुंद आणि सलग पृष्ठभागासाठी ते नेहमीच सोयीचे नसते.

व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. तो प्लायवूडवर चिकटवलेला असतो, त्यामुळे मोठा दरवाजा किंवा कपाटाचे पल्ले न वाकता खऱ्या लाकडासारखे दिसतात, कारण डोळ्यांसमोर येणारा थर खराच असतो. त्याची मर्यादाही त्याच जाडीत आहे: यंत्राने जोरात घासल्यास काप फाटून खालचा थर उघडा पडतो आणि ती चूक दुरुस्त होत नाही. व्हिनियर घेताना एकाच ओंडक्याचे, लागोपाठचे काप मागून घ्यावेत आणि ते लावण्यापूर्वी जमिनीवर शेजारी शेजारी मांडून रेषांचा प्रवाह जुळवून पाहावा. कपाटाच्या चार पल्ल्यांवर रेषा एकातून दुसऱ्यात सरळ वाहत गेल्या, तर ते काम साध्या पॉलिशमध्येही देखणे दिसते.

लॅमिनेटमध्ये लाकूड नसते, लाकडाचे छापील चित्र असते. राळेत भिजवलेले कागदाचे थर उष्णता व दाब देऊन एकत्र केलेले असतात आणि सर्वांत वर मेलामाइन या कठीण प्लास्टिकसारख्या राळेचा थर असतो. ओरखडे, पाणी, रोजची पुसापूस हे सगळे ते उत्तम सोसते. स्वयंपाकघरातील कपाटांच्या आतल्या बाजूला, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला आणि कामाच्या जागी मी ते निःसंकोच सुचवते. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात: छापाची तीच गाठ दर दोन फुटांवर पुन्हा दिसत नाही ना, आणि कडेची पट्टी पृष्ठभागाच्या रंगाशी जुळते ना. डोळा फसतो तो पृष्ठभागावर, आणि चोरी पकडतो ती कडेवर.

पॉलिश कोणते करावे?

या प्रश्नाला थोडे अधिक थांबून उत्तर द्यावे लागते, कारण एकाच फळीचे चार तुकडे करून त्यांना चार वेगळी पॉलिशे दिली तर ती चार वेगळी लाकडे वाटतात.

लाखेचे पॉलिश लाखेच्या किड्याच्या स्रावापासून मिळणाऱ्या राळेचे असते. ही राळ स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात एकावर एक दिले जातात. त्याची अंबरासारखी झाक लाकडाला जी ऊब देते, तिला तोड नाही, आणि खराब झालेला भाग पुन्हा त्याच पॉलिशने एकजीव करता येतो. परंतु गरम भांडे, सांडलेले पाणी आणि स्पिरिट हे तिन्ही त्याचे शत्रू आहेत. म्हणून भिंतीवरची चौकट, पलंगाची डोकेबाजू, शोभेचे कपाट यांना ते साजते. जेवणाच्या टेबलाला नाही.

तेलाचे फिनिश, उदाहरणार्थ जवसाचे किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल, लाकडात मुरते आणि पृष्ठभागावर जाड थर करत नाही, त्यामुळे हाताला लाकूडच लागते. तेल पुरेसे लावून थोडा वेळ मुरू द्यावे आणि न मुरलेले सगळे पुसून घ्यावे. पुसायचे राहिले तर पृष्ठभाग चिकट होतो आणि महिनाभर त्रास देतो. जवसाचे तेल कालांतराने पिवळे होते. गडद लाकडावर हा गुण ठरतो, फिक्या मेपलवर मात्र तो दोष वाटू शकतो. मेणाने मऊ, मंद चमक येते, पण संरक्षण फार थोडे मिळते, म्हणून मी ते मुख्यतः तेलावर किंवा लाखेवर शेवटचा हात म्हणून वापरते.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश, पृष्ठभागावर चिवट पापुद्रा तयार करते आणि पाणी, उष्णता व घर्षण चांगले सोसते. थिनरवर चालणाऱ्या पीयूला सहसा थोडी पिवळसर झाक असते; पाण्यावर चालणारे पीयू बरेचसे रंगहीन राहते आणि त्याचा वासही कमी असतो. या दुसऱ्या प्रकाराने लाकूड कधीकधी थोडे फिके, निर्जीव दिसते. अशा वेळी त्याखाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात दिल्यास ऊबही येते आणि वरच्या थराला पकडही मिळते.

कोणतेही पॉलिश असो, निकाल ठरतो तो घासणीवर. शंभर किंवा एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून मधला नंबर न गाळता एकशेऐंशी किंवा दोनशेवीसपर्यंत जावे आणि हात नेहमी रेषांच्या दिशेनेच चालवावा. रेषांना आडवे पडलेले ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पण स्टेनचा पहिला हात बसताच ते काळ्या धाग्यांसारखे उमटतात.

चमक किती ठेवावी?

उबदारपणा हवा असेल तर मॅट, म्हणजे बिनचमकीचे, किंवा सॅटिन, म्हणजे मंद चमकीचे. जास्त चमकदार पृष्ठभागावर खिडकीचे आणि दिव्याचे प्रतिबिंब आधी दिसते, लाकूड नंतर. शिवाय बोटांचे ठसे आणि धूळ लपत नाही.

हलक्या लाकडाला स्टेन देऊन अक्रोडासारखे किंवा सागासारखे करता येते का?

रंग साधतो, रेषा साधत नाहीत. पाइनला अक्रोडाचा स्टेन दिला तर ते अक्रोडी रंगाचे पाइन होते, कारण पाइनमधील मऊ पट्टे रंग अधिक पितात आणि कठीण पट्टे कमी पितात, त्यामुळे मूळचा फिका-गडद क्रम उलटा होतो. पाइन, बीच आणि मेपल यांवर स्टेन ठिगळांसारखा बसण्याचा धोकाही असतो. तो टाळण्यासाठी आधी पातळ केलेल्या लाखेचा किंवा लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या सीलरचा एक हात देऊन वरून जेलसारखा घट्ट स्टेन वापरावा. स्टेन द्यायचाच असेल तर मूळ रंगापेक्षा एक-दोन छटाच गडद जावे. त्यात लाकडाचा स्वभाव टिकतो.

दुकानात आवडलेला रंग घरी वेगळा का दिसतो?

माझ्या स्वतःच्या घरी असेच घडले. एका दुकानात पांढऱ्या लख्ख दिव्यांखाली मी शांत तपकिरी वाटलेली छटा पसंत केली आणि संपूर्ण कपाटाला ती देऊन घेतली. संध्याकाळी घरातले पिवळे दिवे लागले तेव्हा तेच कपाट विटकरी दिसू लागले, आणि शेजारची फिकट गुलाबी भिंत त्या लालीत भर घालत होती. कपाट बदलणे शक्य नव्हते. शेवटी भिंतीला मलईचा रंग दिला, दिवे बदलले, आणि तेव्हा कुठे दोघांचे जमले.

दिव्याच्या प्रकाशाचे रंगतापमान केल्विनमध्ये मोजतात. 2700 ते 3000 केल्विनचा प्रकाश उबदार, 4000 च्या आसपासचा तटस्थ आणि 6500 चा निळसर पांढरा असतो. लाकडासाठी 2700 ते 3000 ही कक्षा योग्य आहे, मात्र लाकूड आधीच नारिंगी असेल तर 3000 कडे झुकावे. याच्या जोडीला दिव्याच्या खोक्यावरील सीआरआय हा आकडा पाहावा. वस्तूंचे रंग किती खरे दिसतील याचा तो निर्देशांक असून त्याची कमाल मर्यादा 100 आहे, आणि लाकडासाठी 90 किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा. कमी निर्देशांकाच्या दिव्याखाली लाल छटा मरून जातात आणि चांगला सागही मातकट दिसतो.

दिव्याची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. छताच्या मध्यभागी असलेला एकच दिवा लाकडाला सपाट करतो. भिंतीलगत, वरून खाली घसरत येणारा तिरपा उजेड मात्र रेषांच्या बारीक उंचसखलपणावर छाया पाडतो आणि तीच फळी जिवंत वाटू लागते. हा उजेड घासणीतले दोषही तितक्याच स्पष्टपणे दाखवतो, म्हणून पॉलिश करून घेताना हातातला दिवा पृष्ठभागालगत तिरका धरून तपासणी करावी.

नमुना कसा पाहावा?

निदान दीड-दोन फुटांचा तुकडा घ्यावा, ज्या लाकडावर काम होणार आहे त्याच लाकडाचा, आणि त्यावर स्टेनपासून शेवटच्या हातापर्यंत सगळे थर द्यावेत. पल्ला उभा लागणार असेल तर नमुनाही उभाच ठेवावा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यांत, असे दोन दिवस तो पाहिला की मनातली शंका बहुधा मिटते. पसंत पडलेल्या नमुन्यावर पॉलिशचा प्रकार, स्टेनचे प्रमाण आणि दिलेल्या हातांची संख्या लिहून तो जपून ठेवावा. पाच वर्षांनी दुरुस्ती करताना तोच उपयोगी पडतो.

एका खोलीत वेगवेगळी लाकडे चालतात का?

चालतात, आणि सगळे एकसारखे जुळवण्यापेक्षा ते बरेचदा चांगले दिसते. मुख्य लाकूड एकच असावे, ज्याने खोलीतील लाकडाचा बहुतांश भाग व्यापलेला असेल, आणि दुसरे त्याच्याहून स्पष्टपणे फिके किंवा गडद असावे. जवळपास सारखे, पण नेमके न जुळणारे रंग शेजारी आले की ते चुकल्यासारखे वाटतात. झाक मात्र दोघांची एकाच कुळातली ठेवावी: मधाळ ओकसोबत अक्रोड शोभतो, राखाडी केलेला ओक त्याच जागी परका वाटतो. जमीन आणि फर्निचर दोन्ही लाकडी असतील तर त्यांच्यामध्ये सतरंजी किंवा गालिचा अंथरावा, म्हणजे दोन रंगांची थेट गाठ पडत नाही.

खोली लहान किंवा अंधारी असल्यास लाकूड वापरावे का?

वापरावे, पण डोळ्यांच्या उंचीखाली आणि फिक्या मध्यम छटेत. छत गडद लाकडाने मढवू नये. एकच भिंत निवडायची असेल तर जिच्यावर खिडकीचा उजेड पडतो ती निवडावी.

भिंतींचा आणि कापडाचा रंग कोणता असावा?

मलईचा, फिकट वाळूचा, मातकट पांढरा असे रंग लाकडाला बोलू देतात. निळसर झाक असलेल्या शुभ्र पांढऱ्या भिंतीशेजारी उबदार लाकूड आहे त्याहून पिवळे भासते. नारिंगी झाक फार वाटत असेल तर तिच्या विरुद्ध बाजूचे रंग, म्हणजे निळे आणि हिरवट, पडद्यांत किंवा उशांत थोडे आणावेत. शेवाळी हिरवा मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. कापड जाडसर विणीचे सुती, तागाचे किंवा लोकरीचे असल्यास त्याचा खरखरीतपणा गुळगुळीत पॉलिशला पूरक ठरतो.

लाकडाचा रंग पुढे बदलतो का?

बदलतो, आणि तो सर्व लाकडांत एकाच दिशेने बदलत नाही. लाकडाचे तंतू जोडून ठेवणारा लिग्निन हा घटक अतिनील किरणे शोषून घेतो आणि त्यातून हे फरक घडतात. चेरी गडद होते, अक्रोड वर्षांगणिक थोडा फिकट होतो, पाइन अधिक पिवळे होते. नव्या फर्निचरवर पहिले काही महिने शोभेची वस्तू किंवा कापड एकाच जागी ठेवू नये, नाहीतर ती हलवल्यावर तिच्या आकाराचा ठसा खाली दिसतो. अतिनील किरणे रोखणारे पॉलिश हा बदल मंदावते, थांबवत नाही.

लाकूड फुगणे, फटी पडणे कसे टाळावे?

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. साधारण खोलीच्या तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडातील ओलावा 9 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आणि आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली तर तो सुमारे 16 टक्क्यांपर्यंत चढतो. हा बदल लांबीत जवळजवळ दिसत नाही. तो रुंदीत दिसतो. म्हणून टेबलाचा भरीव माथा खालच्या चौकटीला घट्ट चिकटवू नये, तर सरकण्यास वाव देणाऱ्या चिमट्यांनी बसवावा. लाकूड घरात आणल्यावर कापणीपूर्वी निदान आठवडाभर त्याच खोलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचून ठेवावे. पॉलिश फक्त दर्शनी बाजूला करून मागची बाजू कोरी ठेवली तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी वाकते, त्यामुळे मागील बाजूलाही सीलरचा हात हवाच.

वास आणि आरोग्याबाबत काय काळजी घ्यावी?

प्लायवूड आणि दाबलेल्या भुशाचे बोर्ड यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. म्हणून ई-वन किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या प्रतीचे बोर्ड मागावेत आणि कापलेल्या कडा उघड्या न ठेवता बंद कराव्यात. पॉलिश चालू असताना व त्यानंतर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हाताला कोरडे लागणे आणि पूर्ण पक्के होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यावरच्या पीयूला पूर्ण पक्के होण्यास दोन-तीन आठवडेही लागतात, तोवर त्यावर जड वस्तू ठेवू नयेत.

एक सूचना मी कळकळीने करते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते, उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडली की फडके आपोआप पेट घेऊ शकते. काम संपताच फडकी मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात टाकावीत.

जुन्या फर्निचरला नवे पॉलिश देता येते का?

आधी जुने पॉलिश कोणते आहे ते ओळखावे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ टेकवावा. पृष्ठभाग मऊ होऊन चिकट झाला तर ती लाख आहे, आणि अनेकदा ती पूर्ण उतरवण्याची गरजही नसते. स्वच्छ करून, हलके घासून नवे पातळ हात दिले तरी ती उजळते. स्पिरिटचा काहीच परिणाम झाला नाही तर पीयू किंवा तत्सम कठीण थर असावा, आणि तो घासूनच काढावा लागतो. वस्तू व्हिनियरची आहे की भरीव, हे कड पाहून ठरवल्याखेरीज यंत्र हाती घेऊ नये. फार जुन्या रंगीत थरांत शिसे असू शकते, त्यामुळे ते कोरडे घासू नयेत.

रोजची निगा कशी राखावी आणि पांढरे डाग कसे घालवावेत?

मऊ, किंचित दमट फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. सिलिकॉनयुक्त चमक देणारे फवारे टाळावेत, कारण पुढे पुन्हा पॉलिश करताना नवा थर त्या जागी नीट बसत नाही.

गरम कपाखाली उमटलेले पांढरे वर्तुळ म्हणजे बहुतेक वेळा पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा असतो. लाकूड खाली सुखरूप असते. एक-दोन दिवस वाट पाहावी, कारण काही डाग आपणहून विरतात. न गेल्यास केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर ठेवून हवा दुरून, फिरवत द्यावी. काळा डाग मात्र वेगळा असतो: पाणी थेट लाकडापर्यंत पोहोचलेले असते, किंवा टॅनिन हा तुरट घटक असलेल्या ओकसारख्या लाकडात ओल्या लोखंडाशी अभिक्रिया झालेली असते. असा डाग पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने फिका करावा लागतो. हे आम्ल विषारी असल्यामुळे हातमोजे घालावेत, डोळ्यांना संरक्षण द्यावे, नंतर पृष्ठभाग पाण्याने नीट पुसून घ्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे पॉलिश सुरू करावे.